नऊ गावांचा कारभारी

एका खोलीत बसून नऊ गावांचा कारभार हाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा भाडेकरू आहे. माझी उभी नोकरी पंचायत समितीत झाल्यामुळे कारभारी मंडळी मी पुष्कळ पाहिली. पण त्यांना निदान जीप घेऊन गावोगाव हिंडावं तरी लागे. हा मंगरूळपीरला माझ्या माडीवर बसतो आणि कोचीपासून सिलचरपर्यंत नऊ गावांत पसरलेल्या नऊ जणांकडून काम करून घेतो. काम काय, तर कुठल्याशा थंड मुलुखातल्या दुधाच्या गाड्या किती वाजता, कोणत्या रस्त्याने सुटाव्यात हे ठरवणारं सॉफ्टवेअर. त्या मुलुखातलं दूध त्याने चाखलेलं नाही, त्या नऊ जणांपैकी एकालाही तो गेल्या वर्षापर्यंत भेटलेला नव्हता, आणि तरी तिकडे एखादी गाडी बर्फात अडकली की इकडे माझ्या डोक्यावर त्याच्या येरझाऱ्या सुरू होत.

मूळचा तो कामरगावचा. पुण्यात बरीच वर्षं काढून परत आला आणि बायको-मुलीसह माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहू लागला. माडीवरची खोली त्याने ऑफिससाठी वेगळी घेतली. आता मागच्या दारापासून जिना फार तर बारा पावलांवर. पण हा रोज सकाळी बूट घालून, डबा घेऊन, बायकोला "येतो" म्हणून मागच्या गल्लीत उतरतो, बसस्टँडपर्यंत चालत जातो, टपरीवर चहा पितो आणि पुढच्या फाटकाने पुन्हा माझ्याच घरात शिरतो. एकदा मी न राहवून म्हणालो, "अरे, सरळ जिन्यानं चढत जाय ना." तर म्हणतो, "काका, घरून निंघालोच नाही तं ऑफिसात पोचीन कसा?" दुपारी खाली त्याची बायको गरम पोळ्या करत असते आणि हा वर बसून डब्यातल्या गार पोळ्या खातो. ऑफिसच्या वेळेत घरी जाणं त्याच्या शिस्तीत बसत नाही.

त्याचा आवाज वावराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारायला घडवलेला आहे, त्यामुळे त्याच्या बैठका आमच्या अख्ख्या गल्लीच्या असतात. सुरुवात कधीच कामाने होत नाही. आधी प्रत्येकाने काय खाल्लं ते सांगायचं, मग तिकडे आभाळ कसं आहे ते, मग घरच्यांच्या तब्येती, आणि हे सगळं उरकलं की दुधाच्या गाड्या. सिलचरच्या माणसाला तो "खाना खाया क्या बाप्पा?" असं विचारतो आणि आमच्याकडे कुणालाही म्हणतात ते बाप्पा त्या बिचाऱ्याला आता आपलंच नाव वाटतं. कोचीच्या पोराचा आवाज एकदा बसलेला ऐकून आमच्या हिने जिन्यात उभं राहून सुंठीचा काढा सांगितला. तो हिंदीत, मग इंग्रजीत होत होत कोचीला पोचला, आणि तीन दिवसांनी पोराचा घसा मोकळा झाल्याचं वर्तमान जिन्यावरून खाली आलं. ही त्या दिवशी फार खुशीत होती.

त्याच्या भिंतीवर एक कॅलेंडर आहे. त्यावर नऊही गावांच्या जत्रा, उरूस, सणवार लाल पेनाने लिहिलेले आहेत, आणि नवीन काम गिऱ्हाइकाच्या हाती कोणत्या दिवशी द्यायचं हे त्यावरून ठरतं. वरच्या साहेबाने एकदा विचारलं की या सोमवारी काय अडचण आहे, तर याने शांतपणे सांगितलं की आमच्या माणसाच्या गावची यात्रा आहे आणि त्याचं लक्ष पाळण्याकडे राहील. पोळ्याच्या दिवशी तर तो त्या सगळ्यांसाठी कोड लिहिणाऱ्या एआयलासुद्धा हात लावत नाही. "वर्सभर राबते," म्हणतो, "एक दिवस त्याले बी सुटी."

कारण त्या एआयला तो सालदार म्हणतो, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. आणि हे त्याचं म्हणणं मला, एक ओळ कोड कळत नसूनही, पटलेलं आहे. "काका, असा सालदार कोनाले भेटला नाही. थकत नाही, उलटून बोलत नाही, सांगतलं का लगेच नांगराले जुपते. पन वावर कोनाचं हाये हे तो पाहत नाही. शेजाऱ्याचं बी नांगरून येते आन वरून सांगते, झालं मालक." म्हणून त्याने एक रीत पाडली होती. धुऱ्यावरून फिरून यायची. धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. रोज सकाळी प्रत्येकाने, काल सालदाराने आपल्यासाठी काय लिहिलं आणि तसंच का लिहिलं, हे दुसऱ्या कुणाला तरी तोंडाने समजावून सांगायचं. सांगता आलं नाही तर ते काम झालंच नाही. इंदूरच्या एका हुशार पोराने तीन आठवड्यांचं काम एका दुपारी उरकून दाखवलं होतं. याने त्यातली मधलीच एक ओळ काढून विचारली आणि पोर ती सालदारालाच विचारायला निघालं. मग याने न चिडता ते सगळं बाजूला ठेवायला लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून करवून घेतलं. पोराला राग आला होता म्हणे. त्याला आदल्या दिवशीचं जेवण कसं झालं हे दोनदा विचारून तो राग घालवण्यात आला.

अशा माणसाच्या हातून ती चूक व्हावी, हे मला अजून खरं वाटत नाही. झालं असं की गेल्या वर्षी कंपनीने त्याच्यावर कागदपत्रांचं ओझं वाढवलं. प्रत्येकाचा दर महिन्याला लेखी अहवाल, आणि आलेल्या प्रत्येक निरोपाला त्याच दिवशी उत्तर. हा दमला. मग किरकोळ निरोपांची उत्तरं तो सालदाराकडून लिहून घेऊ लागला. आधी वाचून पाठवायचा, मग वरवर पाहून पाठवायचा, आणि शेवटी उत्तरं आपोआप जाऊ लागली. लोकांच्या कोडच्या धुऱ्यावरून रोज फिरणारा हा गृहस्थ स्वतःच्याच शब्दांच्या धुऱ्यावर फिरकेनासा झाला.

त्या नऊ जणांत केनवडची अश्विनी होती. आमच्याच वाशीम जिल्ह्यातली, पण ज्यांना रोज पडद्यावर पाहायचं त्यांच्या बाबतीत कोची जेवढी लांब तेवढंच केनवड. त्याच्या मते सगळ्यांत पक्कं काम तिचं. तिने एक दिवस त्याला लांबलचक पत्र लिहिलं. सर, आता कोड तर मशीनच लिहितं, मी नुसती मान हलवते, माझी इथे गरज उरली आहे का? अकोल्याला कॉलेजात शिकवायची जागा मिळते आहे, बाबा घे म्हणतात. राहू की जाऊ, तुम्हीच सांगा. त्या पत्राला एका मिनिटात उत्तर गेलं. तुमच्या भावनांचा आदर आहे, जो निर्णय घ्याल त्यात आमचा पाठिंबा आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. आठवड्याने तिचा राजीनामा आला, तेव्हा कुठे त्याने मागचं सगळं उघडून वाचलं.

त्या दिवशी तो ऑफिसच्या वेळेत खाली आला. पहिल्यांदाच. फोन माझ्या हातात देऊन खुर्चीवर बसला. मी दोन्ही पत्रं वाचली आणि त्याला बोललो, चांगलाच बोललो. "लेका, तिनं तुले इचारलं होतं. त्याले नाही." ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "फोन नको करू आता. जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली, आणि वाशीमला गाडी बदलून आम्ही दोघे केनवडला गेलो. मला त्याने सोबतीला नेलं, कारण एकट्याने तो फाट्यावरूनच परतला असता. घर साधं, नीटनेटकं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, समोर प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या. तिचे वडील शाळेत शिपाई होते. त्यांनी आम्हांला पाणी दिलं, आणि मुलीचे साहेब घरी आले म्हणून जरा बावरून बाजूला बसले. अश्विनी समोर आली तशी हा उभाच राहिला.

"ते उत्तर म्या लिवलं नव्हतं," तो म्हणाला. त्याचा तो वावरभर जाणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "लिवलं नव्हतं, आन वाचलं बी नव्हतं. तुह्यं पत्र बी नाही."

"मले मालूम होतं, सर," ती म्हणाली.

"मंग राजीनामा काहून देल्ला?"

"मशीननं लिवलं याचं काही नाही, सर. आमी बी लिवून घेतो. पन तुमी वाचलं नाही ना, म्हनून देल्ला."

हा खुर्चीची पाठ धरून तसाच उभा. मग तीच म्हणाली, "आता तरी सांगा. राहू का जाऊ?"

आमचा भाडेकरू खाली बसला. मला वाटलं, आता रड लेका, विनव, पगार वाढवतो म्हण, काहीतरी कर. तो मात्र जमिनीकडे बघत विचार करत राहिला. वडिलांनी आणलेला चहा गार झाला. शेवटी म्हणाला, "पोरी, मले नाही समजत. राह्य म्हनावं, तं अजून दोन वर्सांनी हे काम मान्साच्या हाती राह्यते का नाही, हे मलेच मालूम नाही. तुले कोन्त्या तोंडानं थांबवू? आन जाय म्हनावं तं ते खोटं होईन. मले तू पाह्यजे." एवढं बोलून त्याने तो गार चहा एका घोटात संपवला.

तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "एवढंच लिवलं असतं तं झालं असतं, सर." पण राजीनामा तिने मागे घेतला नाही. महिनाभर नेटाने काम केलं आणि ती अकोल्याला गेली. तिथे पोरांना शिकवते, बरी आहे. त्या दिवशी परतीच्या गाडीत वाटेवरचं मालेगाव येईपर्यंत हा खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "काका, भाषा त्या मशीनचीच चांगली होती हो." मी म्हणालो, "होती." आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. पोटचं पोर असतं तर याहून जास्त जीव तुटला नसता.

आता त्याच्याकडे आठ गावं आहेत. तिची जागा भरायची नाही, असं कंपनीने कळवलं आहे, आणि उरलेल्यांचंही काही सांगता येत नाही, हे तोच अधूनमधून बोलतो. आलेल्या निरोपांना तो स्वतः उत्तरं लिहितो. एकेका उत्तराला तीन-तीन दिवस लागतात, आणि वरून त्याची कानउघाडणी होते. दुपारी गल्ली निवांत असली की माडीवरून टाइप करण्याचा आवाज खाली ऐकू येतो. दोन ओळी होतात, मग थांबतो. बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. कुणीतरी, कुठल्यातरी गावाहून, त्याला उत्तर ठाऊक नसलेलं काहीतरी विचारलेलं असतं. मी रेडिओचा आवाज जरा कमी करतो.