पहिलं पाणी पिऊ नका

कुंदाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भर दुपारी आमच्या फाटकासमोर रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या होत्या. हातात लांब लोखंडी सळई. तिचं एक टोक डांबरावर, दुसरं कानाला. डोळे मिटलेले. मला स्कूटर आत घ्यायची होती, पण हॉर्न वाजवायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि ‘तुम्हाला काही होतंय का?’ असं विचारायचं तर त्याहून नव्हतं. म्हणून मी इंजिन बंद करून उभी राहिले. त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला. “शूऽऽ! बोलतोय तो.” कोण, हे मी विचारलं नाही. थोड्या वेळानं त्या उठल्या, पदराला चिकटलेली खडी झटकली आणि लॉटरी लागल्यासारख्या म्हणाल्या, “सापडला बाप्पा! तुमच्याच फाटकाखाली पाइप फुटलाय. उद्या उखडते तुमचं फाटक!”

घरात जाऊन मी आईला सांगितलं, की बाहेर एक बाई रस्त्याशी बोलते आहे.

“बोलत नाही, ऐकते,” आई म्हणाली. “आपल्या नगरसेविका आहेत त्या.”

कुंदाताई मूळच्या अकोल्याकडच्या. नवरा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, म्हणून लग्नानंतर तिथल्या क्वार्टरमध्ये आल्या, आणि पुढे विश्रांतवाडीत, आमच्या मागच्या गल्लीत घर बांधलं. इतकी वर्षं पुण्यात काढल्यावर त्यांचं मराठी बरंचसं इथल्यासारखं झालं होतं. पण आनंद झाला किंवा पाइप फुटला की वऱ्हाडी बाहेर यायचं. अनेकदा या दोन्ही गोष्टी एकदमच व्हायच्या. मला त्या ‘पोट्टे’ म्हणायच्या. म्हणजे ‘ए मुली’, त्याचा माझ्या पोटाशी काही संबंध नाही, हे कळेपर्यंत मी दोन आठवडे भात बंद केला होता.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी येत होतं, पण ते घरातल्या घरात वापरायचं. नोकरीत यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहिते: कोणतं बटण आधी दाबायचं, कोणतं अजिबात दाबायचं नाही. हे काम घरून चालायचं आणि टेबलासमोरच्या खिडकीतून पूर्ण गल्ली दिसायची. दुमजली घरं, प्रत्येकाच्या अंगणात महापालिकेचा एक नळ. माणसं मला खिडकीतून फार आवडतात.

कुंदाताईंसारखी काम करणारी बाई मी पाहिली नाही. चेंबरचं झाकण उघडं दिसलं की त्या त्यात आधी डोकावणार, मग तुम्हाला नमस्कार करणार. आमच्या भागासाठी नवी पाण्याची लाइन त्यांनी महापालिकेत अक्षरशः भांडून मिळवली. पण याबद्दल लोकांना काही सांगा म्हटलं की त्या हात झटकायच्या. “काम बोलते पोट्टे. आपण काऊन बोलायचं?” एक साधी गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात येत नसे. पाइप जमिनीखाली असतो आणि लोक जमिनीवर. लोकांना दिसत होता तो फक्त खणलेला रस्ता.

बोलण्याच्या नावाखाली त्या एवढंच करायच्या: महापालिकेच्या कार्यालयातून आलेली सूचना गल्लीच्या ग्रुपवर जशीच्या तशी टाकायच्या, आणि वर स्वतःचा हात जोडलेला, हसरा फोटो. ‘अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव येत्या गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील.’ शेजारी कुंदाताई अशा हसताहेत, की वाटावं पाणी बंद हा सणच आहे.

पहिल्या वेळी गल्लीनं बुधवारी हाताला लागेल ते भांडं भरलं. पिंपं, घागरी, कुकर. आईनं तर लग्नातली परातसुद्धा काढली. इतकं भरलं की आमच्या भागाची टाकी खरोखरच रिकामी झाली आणि गल्लीच्या टोकाला बुधवारीच पाणी पोचलं नाही. गुरुवारी पाणी आलं. काम पुढे ढकललं होतं. ते इंजिनिअर साहेबांनी ठेकेदाराला सांगितलं, ठेकेदारानं खणणाऱ्यांना सांगितलं, आणि तिथं सांगणं संपलं. आता नळाला ताजं पाणी असताना कालचं शिळं कोण पिणार? सगळ्यांनी बुधवारचं पाणी ओतून दिलं आणि पुन्हा भरलं. गल्लीतून ओढा वाहिला.

दुसऱ्या वेळी सूचना आली, ‘पाणीपुरवठा नियमित राहील.’ समोरचे परांजपे काका, बँकेतून निवृत्त झालेले आणि पेठेतून इकडे राहायला आलेले, त्यावर विसंबून न्हाणीघरात गेले. नळानं एक उचकी दिली आणि बंद पडला. काका पंचा गुंडाळून, डोक्यावर फेसाचा टोप घेऊन फाटकात आले. कुंदाताई तिथंच खड्ड्यात डोकावत होत्या. “अहो कुंदाताई,” काका अत्यंत अदबीनं म्हणाले, “मी साबण लावून आत बसलोय. आपला नियम आला की हाक मारा.”

तिसऱ्या वेळी ‘कमी दाबाने’ येणारं पाणी असं आलं, की परांजप्यांच्या नळाची तोटी आमच्या पत्र्यावर येऊन पडली. काकांनी ती मागायला येताना गल्लीचा नवा कायदाच सांगितला. “ताईंचा निरोप वाचायचा, उलटा करायचा, आणि तसं वागायचं. पंचांगापेक्षा अचूक आहे.”

लोक हसायचे, मीही पडद्याआड हसायचे. पण हसता हसता काहीतरी बदलत गेलं. जिथं कोणी काही सांगत नाही, तिथं लोक स्वतःच एकमेकांना सांगायला लागतात. चौकात फ्लॅटचा एक उंच टॉवर उभा राहत होता. नवा पाइप त्या टॉवरसाठीच आहे, असं कुणीतरी म्हणालं. मग ताईंनी पाणी विकलं, असं कुणीतरी म्हणालं. महिन्याभरात ‘आपल्या ताई’च्या ‘त्या बाई’ झाल्या. समोरून आल्या की लोकांना अचानक फोन यायचे.

एकदा आईनं त्यांना सरळ विचारलं, “अहो, काम पुढे गेलं तर तसं कळवत का नाही तुम्ही?”

“मले तरी कोण कळवते, वहिनी?” त्या म्हणाल्या. “आणि नगरसेविकेनंच ‘माहीत नाही’ म्हटलं, तर लोक म्हणतील मग ही खुर्चीत काऊन बसली?”

लाइन पुरी झाली तेव्हा शेवटची सूचना आली. ‘नवीन जलवाहिनी कार्यान्वित करण्यापूर्वी निर्जंतुकीकरण करण्यात येत असून नागरिकांनी आवश्यक ती दक्षता घ्यावी.’ आईनं ती मोठ्यानं वाचली, समाधानानं मान डोलावली, आणि नळासाठी झेंडूचा हार आणि नारळ आणला. इतक्या दिवसांनी नवं पाणी येणार. पहिला तांब्या देवापुढे ठेवून गल्लीला तीर्थ द्यायचं, असं तिनं बायकांना सांगूनही टाकलं होतं.

कुंदाताई आमच्याकडे आल्या आणि तो हार पाहून मटकन सोफ्यावर बसल्या. “आमच्या गावात नळ आला ना, तवा असाच हार घातला होता,” त्या म्हणाल्या. “पहिलं पाणी तीर्थ म्हणून सगळे प्याले. पाइप धुतलाच नव्हता. आठ दिवस गाव आडवं. माझ्या धाकट्या भावाला शाळेच्या बाकावर निजवून सलाइन लावली. वाचला. पण अजून कोणी तीर्थ पुढे केलं की माझा हात मागे जाते.” मग आईकडे पाहून हळूच म्हणाल्या, “वहिनी, हा पाइप ब्लीचिंग पावडरनं धुणार आहेत. ते पाणी पहिल्यांदा तुमच्याच नळाला येईल. प्यायचं नाही, भरायचं नाही. परांजप्यांची नात बाटलीचं दूध पिते. आणि मी ‘पिऊ नका’ म्हटलं, की तुमची गल्ली पहिली पिणार!”

त्या हसल्या नाहीत. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, “ही लिहिते की. मशीनचं का होईना.”

मी लिहिलं. ‘नवा पाइप औषधानं धुतला आहे. पहिलं पाणी पांढरट येईल, त्याला वास येईल. पिऊ नका, भरू नका. वास जाईपर्यंत वाहू द्या. पाणी नक्की कधी येईल हे आम्हाला माहीत नाही. कळलं की लगेच सांगू.’

“हे काय? ‘माहीत नाही’?” कुंदाताई किंचाळल्या. “पोट्टे, बुडवते का मले?”

“पण... माहीत आहे का?” मी जमिनीकडे बघत विचारलं.

त्यांनी ते ओठ हलवत पुन्हा एकदा वाचलं. मग फोटो न लावता त्यांनी तो मजकूर पाठवला. मिनिटाभरात परांजपे काकांचं उत्तर आलं: ‘म्हणजे अमृत येणार. पिंपं घासून ठेवा.’ खाली अठरा अंगठे. मीच मोजले, कारण प्रत्येक अंगठा मला स्वतःला लागत होता.

कुंदाताई आता बिबवेवाडीला लेकीकडे राहतात. त्यांची मुदत संपली, निवडणुका लांबत लांबत गेल्या, आणि झाल्या तेव्हा त्यांना तिकीट मिळालं नाही. लोक म्हणतात, त्यांना राजकारण जमलं नाही. असेल. पण त्या निरोपानंतरच्या रविवारी सकाळी त्यांनी जे केलं, ते मला जन्मात जमणार नाही.

भोंगा लावलेली रिक्षा घेऊन त्या गल्लीत आल्या. भोंग्यातून कार्यालयाची सूचना घोगऱ्या आवाजात चालली होती. ‘निर्जंतुकीकरण’ या शब्दावर तो अडखळायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. परांजपे काका फाटकाला टेकून टाळ्या वाजवत होते. कुंदाताईंनी भोंगा बंद करायला लावला आणि खाली उतरल्या.

“मागच्या तिन्ही वेळा माझा निरोप खोटा निघाला,” त्या म्हणाल्या. “काम पुढे गेलं होतं ते मले कोणी सांगितलं नाही. आणि मले माहीत नाही, हे तुम्हाले सांगायची मले लाज वाटली. आता विचारा काय विचारायचं ते.”

गल्ली चाट पडली. पुण्यात चूक झाल्यावर समोरच्याची चूक दाखवतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

“पाणी कधी येणार?” काकांनी विचारलं.

“माहीत नाही. साहेब म्हणतात मंगळवारी. साहेबांनाही माहीत नाही.”

कुणीतरी खुदकन हसलं.

“आणि टॉवरला किती विकलंत?”

“चला,” कुंदाताई म्हणाल्या. “पाइप कुठं संपतो ते दाखवते.”

आणि अख्खी गल्ली, गाऊनवर ओढणी घेतलेल्या काकू, दाढीचा फेस पुसणारे काका, कडेवरची मुलं, सगळी वरात त्यांच्यामागे निघाली. मी खिडकी सोडून कधी बाहेर आले ते मलाच कळलं नाही. गल्लीच्या टोकाला खड्डा होता. त्यात निळा पाइप, आणि त्याच्या तोंडावर भलंमोठं लोखंडी झाकण नट-बोल्टांनी आवळलेलं. पुढे काही नाही, नुसती माती. टॉवर तर पार उलट्या दिशेला. परांजपे काका टॉर्च घेऊन भर उन्हात खड्ड्यात वाकले. मग ताईंची सळई मागून घेतली आणि कानाला लावली. मग प्रत्येकालाच ती कानाला लावायची होती. रांग लागली. कुणाला समुद्र ऐकू आला, कुणाला एसटी. मला माझंच काळीज ऐकू आलं.

एव्हाना लोकांना विचारायची चटकच लागली. रस्ता कधी बुजवणार? पुढच्या आठवड्यात. भटकी कुत्री? माहीत नाही, विचारते. बस पुन्हा कधी सुरू होणार? “माहीत नाही बाप्पा, मी काय बस आहे?” प्रत्येक ‘माहीत नाही’ला हशा पिकत होता आणि कुंदाताईंचा चेहरा उजळत होता, जणू वर्षानुवर्षं चढवलेली जड पैठणी त्यांनी उतरवून ठेवली होती.

“आज जुनं पाणी भरून झाकून ठेवा,” शेवटी त्या म्हणाल्या. “नवं आलं की भांड्याला हात लावू नका.”

त्यावर परांजपे काका टॉर्च विझवून घरी गेले. त्यांनी कायदा मागे घेतला आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता.

पाणी मंगळवारी आलं नाही. “नाही आलं. का ते विचारतेय,” असा ताईंचा निरोप मात्र आला. ते आलं बुधवारी सकाळी. आधी गल्लीतले सगळे नळ एकदम खोकले, आणि मग पांढरंफेक, पोहण्याच्या तलावासारख्या वासाचं पाणी धो धो सुटलं. मी काम टाकून खिडकीत गेले. कुंदाताई चपला हातात घेऊन पळत येत होत्या, प्रत्येक फाटकातून आत मान घालत होत्या.

आणि मग त्या चालायला लागल्या. मग थांबल्या.

गल्लीभर, प्रत्येक अंगणात, नळाशेजारी बादल्या उपड्या घातल्या होत्या. निळ्या, लाल, स्टीलच्या. पिंपंसुद्धा. आईच्या नळावर हार होता, त्यावरून पाणी वाहून जात होतं, आणि तांब्या पायरीवर पालथा. कुणी एक थेंब भरला नव्हता.

परांजपे काका काचेच्या पेल्यात ते पाणी घेऊन बाहेर आले. उजेडात धरून पाहिलं, हुंगलं. “कुंदाताई, तक्रार आहे.”

ताईंचा चेहरा उतरला.

“पाणी घाण येईल म्हणाला होतात,” काका म्हणाले. “आलं.” त्यांनी पेला रस्त्यावर रिकामा केला आणि फाटक उघडलं. “या आत. सुनेनं चहा टाकलाय. जुन्या पाण्याचा आहे.”

कुंदाताईंना आतपर्यंत जाणं जमलं नाही. त्या अंगणातच परांजप्यांच्या नातीच्या गुलाबी, उपड्या बादलीवर बसल्या, आणि बशीत ओतून, दोन्ही हातांनी धरून, अगदी सावकाश चहा प्यायल्या.