टेबलाची पलीकडची बाजू

माझा मामा मालाची पॅराशूटं तपासायचा. धान्याच्या, औषधांच्या, इंधनाच्या पेट्या विमानातून खाली सोडतात, ती. "माणूस पडला तर ओरडतो तरी," तो म्हणायचा, "पेटी मुकाट्याने खालच्याच्या डोक्यावर येते." लष्कराच्या त्या डेपोत त्याला सगळे भिंग म्हणत. मी त्याची सख्खी भाची आणि त्याच गोदामाची कारकून, म्हणून मी भिंगाची काच. असली नावं एकदा चिकटली की सुटत नाहीत.

गोदामाच्या खिडक्यांना काळा रंग फासलेला होता, कारण ऊन लागलं की कापडाचा दम जातो. तपासून गुंडाळलेली पॅराशूटं भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर रचलेली असत. हवा कोरडी ठेवणारं यंत्र दिवसभर घुमायचं. आत खायचं काही न्यायचं नाही, कण सांडला की उंदीर आलेच. एकदा खुद्द साहेबांना मामाने तोंडातली गोळी थुंकून यायला लावलं. साहेब निमूट बाहेर जाऊन आले.

मधोमध लांबलचक टेबल, वर काच, खाली दिवे. कापड एवढं रुंद की एकाच्या नजरेत अर्धंच मावतं. म्हणून या बाजूला मामा, त्या बाजूला त्याचा जोडीदार, आणि प्रत्येक पॅराशूटाच्या कार्डावर दोघांच्या सह्या. वीस वर्षं हीच जोडी. एकेक पट्टी उजेडावर धरली की मामा विचारायचा, "तुझ्याकडे?" पलीकडून उत्तर यायचं, "ठीक." मग पुढची पट्टी.

तीन महिन्यांपूर्वी जोडीदार छातीच्या दुखण्याने गेला. मामाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर कामावर हजर. बदली माणूस काही आला नाही. ओली पॅराशूटं टांगून वाळवायच्या मनोऱ्यातलं कुणीतरी मदतीला येत असेल, असं मी धरून चालले. माझी खुर्ची बाहेर दाराशी. आत डोकावायचा मी आळस केला, हे कबूल करते.

एके दुपारी डोकावले. मामा टेबलावर वाकला होता. "तुझ्याकडे?" त्याने विचारलं. थांबला. मान हलवली. "बरं," म्हणाला आणि कापड पुढे ओढलं.

पलीकडे कुणीच नव्हतं. कापड मात्र त्या बाजूनेही सरळ, ताणलेलं सरकत होतं. मामाच ओढतोय म्हणून सरकतंय, हे मला कळत होतं. तरी मी पाय न वाजवता मागे फिरले.

त्याच दिवशी हुकूम आला. दरड कोसळून एका चौकीची वाट तुटली होती, जवानांकडे दोन दिवसांचं अन्न उरलेलं. सकाळी बारा पेट्या टाकायच्या. मी बारा पॅराशूटांची कार्डं काढली. तारखा गेल्या महिन्यातल्या, सह्या दोन-दोन. दुसरी सही जोडीदाराची होती. तीच वळणदार, शेवटी खाली ओढलेली रेघ. नक्कल नव्हती. मेलेल्या माणसाने गेल्या महिन्यात सही केली होती.

कार्डं घेऊन मी आत गेले. "मामा, हे काय आहे?"

"त्याचीच सही आहे."

"तो गेलाय, मामा!"

"शेवटी त्याला उभं राहवत नव्हतं गं. कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घरी मागवून घेतला आणि सह्या करून दिल्या. म्हणाला, तुझं काम अडायला नको." मामा अगदी शांत होता. "पण मी विचारल्याशिवाय एक पट्टी पुढे नेत नाही. तो बघतो. सांगतो."

"काय सांगतो?"

"ठीक म्हणतो. तू ऐकलं नाहीस?"

मला त्याची भीती वाटली. ज्याच्या मांडीवर मी वाढले, त्याची. पण चौकीवरचे लोक आकाशाकडे बघत उभे राहणार होते. मी म्हटलं, "बाराच्या बारा पॅराशूटं उघडायची. त्या बाजूला मी उभी राहते."

त्याचा चेहरा पडला. "तिथे तो असतो," तो म्हणाला. मी तरीही जाऊन उभी राहिले. ती जागा उगाच गार वाटत होती.

संध्याकाळपर्यंत अकरा निर्दोष निघाली. मामाच्या चेहऱ्यावर रंग आला, मला वाटलं, झालं एकदाचं. बाराव्याच्या सातव्या पट्टीवर माझ्या बाजूला पिवळट ओघळ दिसला. बॅटरीचं आम्ल कधीतरी सांडलं असावं. बोट लावलं तर बोट कापडातून आरपार गेलं.

मामा वळसा घालून आला. भोकातून खालचा दिवा थेट डोळ्यांत येत होता. तो बराच वेळ पाहत राहिला. "पण तो ठीक म्हणाला होता," तो पुटपुटला.

मामाने ते पॅराशूट बाजूला काढलं, सह्यांचा उरलेला गठ्ठा कपाटातून घेतला आणि स्वतःच्या पायांनी साहेबांकडे गेला. मी मागोमाग. त्याने सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. साहेबांनी विचारलं, "अशी अजून किती आहेत गोदामात?"

"एकशे चार."

"ती सगळी कुणी तपासली?"

मामाने उजवीकडे पाहिलं. तिथे भिंत होती. मग वीस वर्षांत न ऐकलेल्या आवाजात तो म्हणाला, "मी. एकट्याने." आणि साहेबांच्या समोरच हमसून हमसून रडू लागला.