दोनशे पावलांची बिजली

माझ्या आत्याच्या यजमानांइतका चालण्याचा कट्टर विरोधक पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा झाला नाही, आणि मोर्चे काढणं, विरोध करणं हेच जिचं काम आहे अशी मी हे सांगते आहे. धाटावच्या एका कंपनीत काकांनी तीस वर्षं बॉयलर सांभाळला. रोह्याला लागूनच्या अष्टमी गावातल्या त्यांच्या घरासमोरच भाजीवाली बसते. तिच्याकडून कोथिंबीर आणायलाही ते स्कूटर काढत, वळवत आणि परत लावत. निवृत्तीनंतरही घर शिफ्टवरच चालायचं. आंघोळीला जाण्याआधी आत्याला चार्ज देत: "दूध मंद आचेवर, मांजर बाहेर, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात." साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी रोज सकाळी फिरायला सांगितलं. "पायी असं नाय म्हणाले," असा अर्थ काढून काकांनी समुद्रावर पर्यटकांना फिरवणारी एक घोडी विकत घेतली.

घोडीचं नाव बिजली. पहिल्याच आठवड्यात तिनं आत्याची अबोली फस्त केली आणि वाळत घातलेली चादर चावून पाहिली. एवढ्यावर काकांचं भागेना. त्यांनी तिचं नाव थेट गागोद्याजवळून रोह्यापर्यंतच्या चाळीस किलोमीटरच्या शर्यतीत घातलं. आत्यानं अट घातली, "शर्यत पुरी केलीन तर राहील. नायतर सोमवारी परत समुद्रावर."

मी खवळले. मुक्या जनावराची ही उघडउघड पिळवणूक! एका बैठकीत पत्रक लिहिलं, शंभर प्रती काढल्या आणि शर्यतीच्या पहाटे वाटायला हजर झाले. काकांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. "लीडर, मजकूर झकास हाय. पण समुद्रावर दिवसभर तिला कोण राबवत होता, ते कुठं लिवलंयस?" ते कुठंच नव्हतं. हरली तर ती नेमकी तिथंच परत जाणार होती. काकांनी माझ्या हातात बादली दिली. पत्रकांचा गठ्ठा पिशवीत गेला, तो एका कोऱ्या बाजूवर घोडीच्या छातीचे ठोके टिपण्यासाठीच बाहेर आला.

सुरुवात झाली. बाकीचे घोडे धुरळा उडवत निघून गेले. बिजली दोनशे पावलं डौलात गेली, थांबली, वळली आणि सुरुवातीच्या रेषेवर परत आली. तिच्या आयुष्यात फेरी तेवढीच होती: समुद्रावरच्या टपरीपासून खडकापर्यंत आणि माघारी. काकांनी पुन्हा नेली, ती पुन्हा आली. ती तिसऱ्यांदा परत आल्यावर रेषेपाशी वही घेऊन बसलेल्या माणसानं विचारलं, "काका, तुमी चाललात का आलात?"

"नाव बिजली, नि दर दोनशे पावलांना गुल!" काका रडकुंडीला आले.

मला मात्र संताप आला, आणि तो काकांचाच. "तिची काय चूक? तिनं ठरलेलं काम केलंय. फेरी संपली की गिऱ्हाईक उतरतं. उतरा खाली!"

पुढच्या दोनशे पावलांवर ती वळायच्या आत काका उतरले. बिजली नवं गिऱ्हाईक घ्यायला सरळ उभी राहिली. काका चढले आणि ती पुढची दोनशे पावलं रोह्याच्या दिशेनं गेली. मग हेच सुरू झालं. उतरा, चढा. उतरा, चढा. मी बादली घेऊन मागे. एका वाडीपाशी डोक्यावर मोळी घेतलेली बाई थांबून बघत राहिली. "काय गो, हे घोडीला शिकवतायत का घोडी ह्यांना?"

मधल्या थांब्यावर जनावरांच्या डॉक्टरबाईंनी ठोके मोजले. मिनिटाला चौसष्टच्या आत हवे होते, भरले बावन्न. "घोडी उत्तम," त्या म्हणाल्या, "स्वाराला जरा सावलीत बसवा."

त्यानंतर काकांचे गुडघे वाकेनात, पाय रिकिबीपर्यंत पोचेना. लगाम धरून पायी जायला नियमाची आडकाठी नव्हती. काका चालू लागले. चक्क चालू लागले! बिजली दर दोनशे पावलांना थांबे, पण गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर वळत नसे; काकांनी हाक दिली की निमूट मागून निघे. शेताच्या कडेकडेनं काका तिला बॉयलरच्या गोष्टी सांगत होते आणि ती कान हलवत होती. इतकं मन लावून माझं भाषण कुणीच ऐकलेलं नाही.

कुंडलिकेच्या काठी पोचलो तेव्हा शर्यतीचा मांडव उतरत होता. वेळ केव्हाच संपली होती. डॉक्टरबाई तेवढ्या थांबलेल्या. त्यांनी घोडीला दुडक्या चालीनं पळवून पाहिलं. घोडी लंगडत नव्हती. काका लंगडत होते.

आत्या अष्टमीच्या पुलापाशी उभी होती. काका मान खाली घालून म्हणाले, "वेळेत नाय झाली पुरी."

मी सरसावले. "आत्या, मुळात ही अटच अन्यायाची—"

"तू गप गो." तिनं काकांचे धुळीनं माखलेले बूट पाहिले. "चालत आलात?"

"अर्धं."

"तीस वर्षांत मला ह्यांना चालत पुलाच्या पलीकडे नेता आलं नाय," आत्या घोडीकडे बघत म्हणाली. "न्या तिला घरी. अबोली मी दुसरी लावीन."

आता काका तिच्यावर बसत नाहीत. गुडघे ऐकत नाहीत. रोज सकाळी दोघं पुलावरून पायी फिरून येतात. परवा मीही गेले होते. खोगीर कशाला घालता, विचारलं, तर म्हणाले, "तिला नोकरी गेल्यासारखं वाटू नये." दोनशे पावलं झाली. बिजली थांबली, मान वळवून रिकाम्या खोगिराकडे बघत राहिली. कुणी उतरेपर्यंत ती हलणार नव्हती. काकांनी खोगिरावर अलगद हात ठेवला.

"नाय गो बाय, आता कोण नाय. चल."