सात नंबरचं उत्तर

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना अख्खी इमारत ‘पॅनेलराव’ म्हणते. हे बारसं मीच केलं आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. ते कामाला होते तो साबणाचा कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी आठवण म्हणून चार वड्या घरी नेल्या. या माणसाने कंट्रोल रूममधलं पॅनेल उचलून आणलं. चांगलं कपाटाएवढं. ते बैठकीत आलं आणि वहिनींचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात गेलं. तेव्हापासून त्यांच्या शिवणाला कांद्याचा वास येतो, अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे.

शेवटी वहिनींनी निर्वाणीचं सांगितलं, “अहो, रविवारी भंगारवाला येतोय. तोवर हे धूड काहीतरी कामाचं करून दाखवा. नाहीतर मी त्याच्याबरोबर तुम्हालाही काट्यावर चढवते.”

पॅनेलराव हादरले. त्या पॅनेलला येतं एकच काम: एकेका मशीनला नंबराने हाक मारायची आणि आकडा विचारायचा. विचारल्याशिवाय मशीनने तोंड उघडायचं नाही. (“आमच्या घरातही हाच नियम,” पॅनेलराव म्हणतात, “फक्त मशीन मी.”) पण आता मशिनंच नाहीत, तर उत्तर देणार कोण?

मग त्यांनी बिस्किटाएवढी एक वायरलेस चिप आणली आणि तिला कारखान्याची भाषा शिकवली, म्हणजे पॅनेलला वाटावं, हे आपल्यातलंच मशीन. चिप गच्चीवरच्या टाकीला बसवली. तिने पाणी मोजायचं आणि पॅनेलने वायफायवरून विचारलं की सांगायचं.

“याला सर्व्हर म्हणतात,” ते म्हणाले.

“थापा मारू नका,” मी म्हटलं. “माझ्या भाच्याच्या ऑफिसात सर्व्हरला वेगळी खोली आहे. एसी आहे.”

“आमच्याला टाकीचं झाकण आहे. तुम्ही चहा प्या.”

चिपला नंबर दिला सात. एकपासून बारापर्यंत सगळं रान मोकळं असताना सातच का, असं विचारल्यावर पॅनेलराव न पडलेला स्क्रू शोधायला खाली वाकले. मी ते मनात टिपून ठेवलं. असला माल मी वाया जाऊ देत नाही.

शनिवारी सकाळी सातचा हिरवा दिवा लागला. टाकी: एकतीस टक्के. पॅनेलरावांचा चेहरा असा उजळला, जणू दरवाजातून कारखान्याची जुनी पाळीच कामावर आली. “भरू या,” म्हणत त्यांनी पंप चालू केला. आम्ही चहा घेतला. एकतीस. दुसरा घेतला. एकतीस.

“पाइप जुना आहे, वेळ लागतो.”

तेवढ्यात गच्चीवरून वहिनींची हाक आली. इमारतीचा पाया हलला असेल. टाकी केव्हाची भरून वाहत होती आणि गिऱ्हाइकांचे वाळत घातलेले पडदे पुन्हा धुतले जात होते.

पंप बंद झाला. वहिनी पडद्यांचा ओला ढीग घेऊन खाली आल्या. “उद्या भंगारवाला. विषय संपला.”

पॅनेलराव चुकल्या पोरासारखे पॅनेलवर हात ठेवून उभे राहिले. पडदा पिळता पिळता वहिनींची नजर दिव्यावर गेली.

“सात नंबर दिलात?”

“हं.”

“आणि हे एकतीस कशाचे?”

“चिपच्या पहिल्या घरात, म्हणजे खणात, पाण्याचा आकडा ठेवलाय, दुसऱ्यात तिचं स्वतःचं तापमान...” ते मध्येच थांबले.

“मग एक घर सरकलंय की, अहो! कारखान्यात वाळवणीच्या मशीनला झालं होतं तेच.”

पॅनेलरावांनी कपाळावर हात मारून घेतला. पॅनेल मोजतं एकपासून, चिप मोजते शून्यापासून. पॅनेलने पहिलं घर मागितलं, चिपने दुसरं उघडून दिलं. आपण पाणी बघतोय असं समजून आम्ही चिपचा ताप बघत बसलो होतो.

“वाळवणीचं मशीन म्हणजे सात नंबर?” मी हळूच काडी टाकली.

“सातच,” वहिनी म्हणाल्या. “त्याच्या शेजारच्या टेबलावर मी वड्यांना कागद गुंडाळायची. पॅनेल उष्णतेच्या जागी ओलावा दाखवायचं आणि वड्यांना तडे जायचे. म्हणून हे दर तासाला जातीने मशीनवरचा काटा बघायला खाली यायचे. महिनाभर.”

“एक घर सरकवायला महिना?”

“काम किचकट होतं,” पॅनेलराव भिंतीला म्हणाले.

“दुसऱ्याच दिवशी झालं होतं. फोरमनने मला तेव्हाच सांगितलं.”

“तुला माहीत होतं?” इतक्या वर्षांच्या संसारानंतर एखाद्याचे कान असे लाल झालेले मी प्रथमच पाहिले.

“नाहीतर त्या भट्टीसारख्या मशीनशेजारचं टेबल मी रोज का मागून घेत होते? उकडायला?”

रविवारी भंगारवाला आला. रिकाम्या हाताने कसा पाठवायचा म्हणून वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, उठा जरा.” माझी नेहमीची खुर्ची काट्यावर गेली आणि त्या जागी, पॅनेलला खेटून, शिलाई मशीन आलं. आता चहा मी दारात उभ्याने पितो.

पॅनेल दिवसभर हाका मारत असतं. एक, तेलाची कढई. दोन, ढवळणी. कुणी ओ देत नाही. लाल दिवे लागतात, विझतात. सातला तेवढा हिरवा.

परवा मी म्हटलं, “बाकीच्यांना विचारणं बंद करून टाका ना. ती मशिनं भंगारात जाऊन कधीच वितळली.”

“बंद करता येतं,” म्हणत पॅनेलरावांनी बटणाकडे हात नेला.

“राहू द्या,” वहिनी सुईत दोरा ओवत म्हणाल्या. “विचारू दे त्याला. कुणी बोललं तर बोललं.”