शुक्र अस्त नव्हता

दारावरची पाटी ज्योतिषीबुवांच्या नावाची होती, पण दार उघडलं की येणारा माणूस विचारायचा, "काकू आहेत का?" ते ऐकलं की बुवांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तरी ते हसून म्हणायचे, "आहेत की. आत या."

वर्षानुवर्षं बुवांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, आत बसून गणित करायचं, ग्रहांचे अंश काढून पत्रिका मांडायची आणि बुवांनी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर रेलून ती वाचायची, असा कारभार होता. मग कॉम्प्युटर आला. गणित बटणावर व्हायला लागलं, काकूंचे हात मोकळे झाले आणि पाठोपाठ तोंडही. चहा द्यायला आल्या की एखादं वाक्य बोलून जायच्या, आणि लोक बुवांचं लांबलचक प्रवचन तिथेच टाकून ते एवढंसं वाक्य घरी न्यायचे. आता तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी काकूंचा दरबारच भरायचा. तिथून हसण्याचा आवाज आला की बुवा बाहेर उगाच खाकरायचे. त्या खाकरण्याला कुणी भीक घालत नसे.

जळफळाट होत होता, साधासुधा नाही. परक्या ज्योतिष्याचा हेवा वाटला तर त्याला चारचौघांत नावं तरी ठेवता येतात. जिच्या हातचं दोन्ही वेळा जेवायचं, तिला नावं ठेवायची कुणाजवळ?

एका दुपारी काकू भाजी आणायला गेल्या होत्या. कोपऱ्यावरच्या टेलरबाई लेकीची पत्रिका घेऊन आल्या.

"काकूंनी पाहिलीय हो. म्हणाल्या, बिनधास्त होकार द्या. पोरीलाही मुलगा पसंत आहे. पण उद्या उत्तर द्यायचंय ना, म्हटलं पुन्हा एकदा त्यांच्या तोंडून ऐकावं."

"मी बघतो की," बुवा म्हणाले आणि कागद जवळजवळ ओढूनच घेतला.

पत्रिकेतल्या विवाहाच्या घरात रवि आणि शुक्र एकत्र बसले होते. शुक्र सूर्याच्या फार जवळ गेला की त्याचं तेज झाकोळतं. त्याला अस्त म्हणतात, आणि मग संसारसुखाची खात्री देता येत नाही. पण खाली अंश छापलेले होते. रवि तिसऱ्या अंशावर, शुक्र पंचविसाव्या. घर एक, पण एक या कोपऱ्यात नि दुसरा त्या. अस्त कसला नि काय! काकूंचं बरोबर होतं. नेहमीप्रमाणे बरोबर होतं, आणि ते 'नेहमीप्रमाणे' बुवांना जिव्हारी लागलं.

"शुक्र अस्त आहे, बाई," ते गंभीरपणे म्हणाले. "युती वाईट आहे. हे लग्न टिकायचं नाही. नकार कळवून टाका."

टेलरबाईंचा चेहरा पडला. "पण काकू तर..."

"काकूंनी पत्रिका वाचायला आत्ता कुठे सुरुवात केलीय."

हे वाक्य बोलून बुवांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण तेवढ्यात पिशवी सावरत काकूच दारात उभ्या. टेलरबाईंनी रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. काकूंनी कागद पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. आता ही अंश वाचून दाखवणार, या भीतीनं बुवा खुर्चीतून अर्धवट उठले.

आलेल्या माणसासमोर नवऱ्याचा शब्द काकूंनी आजवर खोडला नव्हता.

"ह्यांनी नीट पाहिलंय," त्या म्हणाल्या. "मी घाईत पाहिलं असेन. चुकलंच माझं."

टेलरबाई डोळे पुसत निघून गेल्या. काकू आत गेल्या. बुवा जिंकले होते, आणि खुर्चीत बसवत नव्हतं. न राहवून ते जिना उतरून खाली धावले. फाटकाशी टेलरबाई फोनवर लेकीशी बोलत होत्या आणि फोनमधून पोरीचं रडणं बाहेर ऐकू येत होतं.

"बाई, थांबा! काकूंनी आधी सांगितलं तेच खरं. शुक्र चांगला आहे. चूक माझी."

"राहू द्या, बुवा. आमचं मन राखायला आलात, कळतंय मला. पण काकू स्वतः म्हणाल्या ना चुकलं? मग चुकलंच असणार. काकू खोटं बोलायच्या नाहीत."

म्हणजे तिच्या चुकीलाही आपल्या खऱ्यापेक्षा जास्त किंमत! बुवांचा नुसता तिळपापड झाला. जाऊ दे, देऊ देत नकार, असंही क्षणभर मनात आलं. फोनमधलं रडणं थांबेना. बुवा जिना चढून धापा टाकत स्वयंपाकघरात गेले.

"खाली चल."

"कशाला?"

"त्या माझं ऐकत नाहीत." ते टेबलाकडे बघत म्हणाले, "मी मुद्दाम खोटं सांगितलं. आता तू सांगितलंस तरच पटेल त्यांना."

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या.

"मग मघाशीच का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलाल, असं वाटलं होतं."

काकूंना फाटकाकडे येताना पाहिलं, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आतच टेलरबाईंचा चेहरा उजळला. बुवांकडे बघून आजवर कुणाचा चेहरा असा उजळला नव्हता. त्यांचा पुन्हा तसाच जळफळाट झाला, चांगला जोरात. त्यांनी टेलरबाईंकडून फोन मागून घेतला आणि पलीकडे रडणाऱ्या पोरीला म्हणाले, "थांब हं बाळा. काकू आल्यात. त्यांनाच विचार."