मारिवेलचा उतरलेला सूर

फिलिपिन्समधल्या मारिकिना गावात, नदीकाठच्या चर्चमध्ये रोसेंदा विलाफ्लोर एकोणतीस वर्षं गायनमंडळ शिकवत होती आणि एवढ्या वर्षांत तिने एकाही पोराला ‘छान’ म्हटलं नव्हतं. ‘बरोबर’ म्हणायची, तेही क्वचित. नवरा बुटांच्या कारखान्यात तळ शिवायचा. तो म्हणायचा, आमच्या घरात टाका चुकला तर चालतो, सूर चुकला तर जेवायला मिळत नाही.

टीव्हीवाल्यांनी दुपारच्या कार्यक्रमातल्या मुलांना तयार करायला तिला बोलावलं, ते याच कडकपणामुळे. मुलं तिला तिता म्हणत, मावशी म्हणावं तसं. तिथेच सहा वर्षांची मारिवेल कुस्तोदियो तिच्या हाती आली. समोरचे दोन दात पडलेले, डोक्यापेक्षा मोठी रिबिनीची गाठ आणि पाठीशी आई, नेनिता. पण कान असा, की शेजारच्या खोलीतला पंखा कोणत्या सुरात घरघरतोय ते पोरगी गाऊन दाखवायची. हिचं काहीतरी होईल असं रोसेंदाला वाटलं. एवढा भाबडेपणा तिने आयुष्यात पुन्हा केला नाही.

कारण नेनिताला वेगळाच शोध लागला होता. लोकांना सूर नको, आसवं हवीत. कॅमेरा सुरू होण्याआधी ती पोरीच्या दंडाला बारीक चिमटा काढायची. मग परदेशी कामाला गेलेल्या आईचं गाणं, भरलेले डोळे, बोबडे बोल. घरोघरी भात वाढता वाढता बायका हुंदके देत. रोसेंदाने एकदा तिला बाजूला घेऊन सुनावलं की पोरीला रडवू नका, रडताना श्वास तुटतो.

“श्वास कुणाला दिसतो हो, तिता?” नेनिता म्हणाली. “आसवं दिसतात.”

त्या दिवसापासून माय-लेकींबद्दल रोसेंदाच्या मनात जी अढी बसली, ती पुढे वाढतच गेली.

आणि वाढवायला मारिवेलने काही कमी केलं नाही. दात आले तरी आईने तिला बोबडंच बोलायला लावलं. तेराव्या वर्षी छातीला पट्टा आवळून दहाची दाखवलं. सतराव्या वर्षी पट्टा काढला आणि उरलेले कपडेही जवळजवळ काढले. आता ती नाचायची, गाणं मागे टेपवर वाजायचं, ओठ मात्र अर्धी मात्रा उशिरा हलायचे. बाविसाव्या वर्षी ‘कलावंत’ होण्याची हुक्की आली. केस कापले, काळे कपडे घातले, नाव कापून नुसतं ‘मारा’ ठेवलं आणि स्वतःची गाणी लिहिली. त्या गाण्यांत पाऊस होता, रक्त होतं, आरसा होता. चाल तेवढी नव्हती. मुलाखतीत ती डोळे मिटून म्हणाली, “मला माझ्यातल्या त्या लहान मुलीला मारून टाकावं लागलं.”

रोसेंदा तेव्हा मासे तळत होती. “तुमच्यात वेळेवर तालमीला येणारी तेवढी एकच होती,” ती टीव्हीला म्हणाली आणि मासा उलटला. नवरा हसला. ती हसली नाही.

अठ्ठाविसाव्या वर्षी मारिवेलचा गळा बसला. सहा वर्षं नुसतं ओरडल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरांनी तीन महिने मौन सांगितलं. ते संपल्यावर एका शनिवारी ती चर्चच्या दारात येऊन उभी राहिली. काळा चष्मा, मागे-पुढे कुणी नाही.

“तिता, मला पहिल्यापासून शिकवा.”

रोसेंदाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तिसऱ्या रांगेत उभी राहा,” ती म्हणाली. “दोनही बाजूंना शाळेतली पोरं आहेत. त्यांच्यापेक्षा मोठा आवाज निघाला तर घरी जायचं.”

सहा महिने ती आली. तिच्याकडे बघून पोरं आधी खुसखुसायची, मग विसरून गेली. एकदा भजनाच्या मधल्या ओळीत तिचा आवाज इतरांच्या आवाजात असा मिसळला, की तो नेमका कुठला, हे रोसेंदालाही ओळखता येईना. ती “बरोबर” म्हणाली. मारिवेलने मान खाली घातली. क्षणभर रोसेंदाला वाटलं, बया सुधारली.

सातव्या महिन्यात गाण्यांचा नवा संग्रह आला. विषय: गरिबांच्या चर्चमध्ये गवसलेली शांतता. मुखपृष्ठावर मारिवेल, अंगात मळकट पांढरा झगा, पायात काही नाही. मारिकिनात! जिथे अख्खा गाव बूट शिवतो!

प्रकाशनाला रोसेंदाला पहिल्या रांगेत बसवलं. मारिवेल गायली, मग तिला वर बोलावून तिने ‘माझी गुरू’ म्हणून मिठी मारली, माईक तिच्या हातात दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. लोक आधीच डोळे पुसत होते.

“तिसऱ्या ओळीत सूर उतरला,” रोसेंदा म्हणाली.

मारिवेलचा चेहरा पांढरा पडला. मग तिने वाद्यवाल्यांना हाताने थांबवलं आणि एकटीने, कशाच्याही आधाराशिवाय, ती ओळ पुन्हा गायली. स्वच्छ. सहा वर्षांची असताना गायची तशी.

“बरोबर,” रोसेंदा म्हणाली आणि खाली उतरली.

लोक उभे राहून टाळ्या पिटू लागले. त्यांना वाटलं, हे ठरवूनच केलंय. दोन दिवसांत ती चित्रफीत फोनाफोनांवर फिरली आणि चौथ्या दिवशी मारिवेलचा व्यवस्थापक रोसेंदाच्या घरी आला. प्रत्येक कार्यक्रमात हेच करायचं, तिता, तुम्ही फक्त यायचं, असा त्याचा प्रस्ताव होता. रोसेंदाने विचारलं, सूर उतरलाच नाही तर? तो म्हणाला, ते आम्ही बघून घेऊ. तिने त्याला खुर्चीतून उठवलं आणि दार लावून घेतलं.

मग त्यांनी रोसेंदाच्या जागी एक म्हातारी नटी ठेवली.

गायनमंडळातल्या एका मुलीच्या आईने तिकीट आणून दिलं, म्हणून रोसेंदा एका दुपारी कार्यक्रमाला गेली. मागच्या रांगेत बसली. मारिवेलने तिसऱ्या ओळीत सूर उतरवला. नेमका, केसभर, जेवढा त्या दिवशी उतरला होता तेवढाच. रोज असं मोजून बेसूर होणं सोपं नसतं. त्यासाठी किती तयारी लागते ते रोसेंदाला कळत होतं आणि त्याचाच तिला अधिक राग आला. एवढं शिकली, आणि हे करायला शिकली. पहिल्या रांगेतून नटी हात उंचावून गरजली, “सूर उतरला!” लोक विरघळले.

कार्यक्रम संपल्यावर रोसेंदा बाहेर पडत होती, तेवढ्यात नटीने तिला ओळखलं. नटीच्या अंगात रोसेंदासारखाच फुलाफुलांचा झगा, डोळ्यांवर तसाच चष्मा. लगबगीने येऊन तिने हात धरला.

“तुम्हीच ना त्या? माझं कसं झालं, सांगा ना.”

तिच्याकडे न बघता निघून जायचं, असं रोसेंदाने ठरवलं होतं. पण पाय अडला.

“मी ओरडत नाही,” ती म्हणाली. “हळू म्हणते. आणि हात वर करत नाही. हात मांडीवर असतो. असा.”

तिने तिथल्या बाकावर बसून दाखवलं. नटीने शेजारी बसून करून पाहिलं. पहिल्यांदा चुकलं. रोसेंदाने तिची हनुवटी जरा खाली केली आणि पुन्हा म्हणायला लावलं.

“बरोबर,” तिच्या तोंडून निघून गेलं.

परतीच्या जीपनीत, गर्दीच्या त्या जीपबसमध्ये, मारिवेलला शिव्या द्यायला तिने दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा अर्ध्यातच थांबली.