आकडा नको, शब्द लिहा

मंजुश्रीला कुणी विचारलं, "घटस्फोट कसा काय झाला हो?" तर ती म्हणते, "झाला न्हाई, मी घेतला." एवढं बोलून ती समोरच्याच्या तोंडाकडं बघत राहते. विचारणाऱ्याला मग एकदम काहीतरी काम आठवतं.

ती मूळची खटकचिंचोळीची. घरची शेती, भावकी मोठी, आणि जेवढी तोंडं तेवढे सल्ले. भालकीला कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि लगेच तिला जहिराबादला देऊन टाकलं. नवरा दिसायला बरा होता, बोलायला तर फारच गोड. हैदराबादच्या एका कंपनीत मुलाखतीला जायचं होतं, त्या सकाळी त्यानं तिला खोलीत कोंडलं, बाहेरून कुलूप लावलं आणि आपण खुशाल कामाला गेला. संध्याकाळी त्यानं दार उघडलं तेव्हा ही पिशवी भरून तयार बसलेली. त्याच्या देखत निघाली ती थेट बसस्टँडवर. पुढं कोर्टात वर्षं गेली. समजूत काढायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिनं चहा पाजला आणि वाटेला लावलं. निकाल लागला त्या दिवशी गावात पेढे वाटले. भावकीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला, पण पेढे खाल्ले.

आता ती भालकीत दोन खोल्या घेऊन आई सुशीलाबाईंबरोबर राहते आणि अंकुशरावांच्या वधू-वर केंद्रात काम करते. अंकुशराव मूळचे आडत व्यापारी. लग्नं जमवण्याचा त्यांना भारी नाद. आधी हे केंद्र दुकानाच्या माडीवर भरायचं, आता ते मोबाइलच्या ॲपवर आलंय. भालकी, बसवकल्याण, औराद, पलीकडं उदगीरपर्यंतची स्थळं त्यात असतात. ॲप लिहिलं त्यांच्या पुतण्यानं, पप्पूनं. पप्पू पुण्यात कोर्स करून आलेला, म्हणून काकांना त्याचं कोण कौतुक! ते ॲप नीट चालतं ठेवणं, हे मंजुश्रीचं काम.

आल्या आल्याच तिला त्यात एक खोड दिसली होती. नोंदणी करताना लग्नाची स्थिती सांगायची असते. अविवाहित, घटस्फोटित, विधवा किंवा विधुर, यांतलं एक. अशा ठरावीक शब्दांच्या गटाला प्रोग्रामर लोक एनम म्हणतात. प्रोग्राम आणि डेटाबेस यांची भाषा वेगळी, म्हणून मधे एक दुभाषी ठेवतात. त्याचं नाव ओआरएम. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी बोलणाऱ्या माणसांना दुभाषी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पण हा दुभाषी आळशी. बजावून सांगितलं नाही तर तो शब्द लिहीतच नाही, रांगेतली जागा तेवढी टिपून ठेवतो. अविवाहित शून्य, घटस्फोटित एक, विधवा दोन. वाचताना परत रांग मोजायची आणि त्या जागेवर जो उभा असेल त्याचं नाव घ्यायचं.

"पप्पू, आकडे कामून ठेवलास? त्याला शब्द लिहायला सांग. रांग हलली की सगळ्यांचे अर्थ हलतील."

"अक्का, आकड्याला जागा कमी लागती. आन् एका ओळीचं तर काम हाय, करतो नंतर."

भालकीत टंचाई प्लॉटची होती, डेटाबेसमधल्या जागेची नव्हे. पण नवीन माणसानं किती बोलायचं, म्हणून मंजुश्री गप्प बसली. ते 'नंतर' अर्थातच कधी आलं नाही.

मग अंकुशरावांच्या डोक्यात आलं की 'साखरपुडा मोडलेली' असाही एक प्रकार हवा. पप्पूला ते म्हणाले, "अविवाहितच्या खाली घाल, घटस्फोटितच्या वर. माणसाची पायरी असती की न्हाई?" मंजुश्री तेव्हा सोयाबीनच्या काढणीला गावी गेलेली. पप्पूनं काकांच्या पायरीप्रमाणं नवा शब्द बरोबर मधे घुसवला. कुठं काही अडलं नाही, लाल अक्षरात इशारा आला नाही. फक्त रांग हलली. जुन्या नोंदीतल्या सगळ्या घटस्फोटित बाया साखरपुडा मोडलेल्या झाल्या आणि विधवा झाल्या घटस्फोटित.

मंजुश्रीला ते कळलं आईमुळं. सुशीलाबाईंनी लेकीचं नाव तिच्या नकळत कधीच ॲपमध्ये घातलं होतं. लेक गावाहून आल्या आल्या त्या म्हणाल्या, "उदगीरचं स्थळ हाय. पोरगा शाळेवर मास्तर. रविवारी यायलेत बघायला." इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी चांगल्या घरचं येत होतं. मंजुश्रीला शंका आली. तिनं आपली नोंद उघडली. तिथं लिहिलं होतं, साखरपुडा मोडलेली.

खोटं कशाला सांगायचं, तिला मोह झाला. मास्तरांचा फोटो तिनं दोनदा बघितला. माणूस हसरा होता. हे सगळं नुसतं असंच राहू दिलं तर? मग स्वतःचाच इतका राग आला तिला, की ती तशीच उठून केंद्रात गेली.

अंकुशराव खुशीत होते. घटस्फोटित पोरींना धडाधड स्थळं यायला लागली होती.

"अण्णा, हे चुकीचं दिसायलंय. आजच नीट करावं लागतंय. रोज नव्या नोंदी पडायल्यात, उशीर केला तर खरं-खोटं निवडता यायचं न्हाई."

"करू की! घाई काय? पोरींचं भलंच व्हायलंय. तुझंबी उदगीरचं जमू दे आधी."

तेवढ्यात जिना चढून एक म्हातारे गृहस्थ वर आले. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, धाप लागलेली. चिंताकीहून बस बदलत आले होते. नाव मारोती. त्यांचा मुलगा प्रेमानंद दोन वर्षांपूर्वी वारला. सून स्नेहल तरुण, तिचं पुन्हा लग्न करून द्यावं म्हणून सासऱ्यानं स्वतः तिचं नाव इथं घातलं होतं.

"फोन यायलेत," ते उभ्यानंच म्हणाले. "इचारायलेत, नवऱ्याला कामून सोडली? माझा प्रेमानंद मेला, अण्णा. हिनं त्याला सोडला न्हाई. दवाखान्यात रात्रंदिवस उशाला बसली ती. कुणी लिहिलं हे?"

पप्पूनं मान खाली घातली. अंकुशराव चपापले. पण व्यापारी माणूस, लगेच तोड काढली. मंजुश्रीला बाजूला घेऊन म्हणाले, "विधवांचं तेवढं नीट कर. घटस्फोटितांचं ऱ्हाऊ दे. तुझ्याच फायद्याचं सांगायलोय."

"मांडवात कळल्यावर त्या पोरींचं काय व्हईल?" मंजुश्रीचा आवाज चढला. "आन् लपवायला मी काय चोरी केलीया? पायऱ्या तुम्ही लावल्यात, अण्णा. मी तुमच्या पायरीवर उभी न्हाई."

तिनं ॲप बंद केलं आणि कामाला बसली. ज्या दिवशी रांग हलली, त्याच्या आधीच्या नोंदी वेगळ्या काढल्या आणि जुन्या अर्थानं वाचल्या. नंतरच्या नव्या अर्थानं. मधल्या काळात ज्यांनी स्वतः माहिती बदलली होती त्यांना फोन करून विचारायला पप्पूला बसवलं. शेवटी दुभाष्याला ती एक ओळ सांगितली, की जागा टिपू नकोस, शब्द लिही. मारोती शेजारच्या खुर्चीत बसून होते. स्नेहलच्या नावापुढं 'विधवा' असं आलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. हा शब्द वाचून कुणाचा जीव भांड्यात पडलेला मंजुश्रीनं पहिल्यांदाच पाहिला.

घरी आईनं रडून घेतलं. "रविवार तरी होऊ द्यायचा होता, मंजे." मंजुश्रीला आईची दया आली, पण केलेल्याचा पस्तावा मुळीच नव्हता.

पाहुणे आले. त्यांनी माहिती आधीच वाचलेली, पुन्हा ॲप उघडायचं त्यांना कारण नव्हतं. मास्तर आणि त्यांचे काका. मंजुश्री पोह्यांच्या बश्या घेऊन आली, ठेवल्या आणि समोरच्या खुर्चीत सरळ बसली.

"आधी सांगते. माझा साखरपुडा मोडलेला न्हाई. माझं लग्न झालं होतं, मी घटस्फोट घेतलाय."

काकांचा चमचा हवेतच राहिला. मास्तर तिच्याकडं बघायला लागले. सुशीलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून घाईघाईनं म्हणाल्या, "मशीन चुकलं जी! तिची काई चूक न्हाई. ते मशीनच…"

"म्हंजे घटस्फोटबी मशीनचीच चूक म्हणायची का?" काका तिरकस हसले.

"न्हाई काका," मंजुश्री म्हणाली. "मशीनची चूक मी दुरुस्त केली. घटस्फोटात दुरुस्त करण्यासारखं काई न्हाई."